सगळं पत्रकात आहे

दोलिना,
२४ फेब्रुवारी

प्रिय वॉल्टर,

स्लावा होस्पोदी, देवाचा जयजयकार असो. आपल्या आईची पत्रं अशीच सुरू व्हायची. मला पत्र लिहायची सवय नाही, म्हणून निदान सुरुवात तरी तिची उसनी घेते. तुझी आणि पॉलीची तब्येत बरी असेल असं धरून चालते. तिकडे सास्काचेवानात थंडी हाडं फोडणारी असते म्हणतात, पण जमीन सपाट आहे. जिथे वरून काही घसरून यायला उतारच नाही अशा ठिकाणी तू जाऊन राहिलास, त्यावर मी काही बोलणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. पॉली उचलते आणि म्हणते, "तो बाहेर गेलाय." या थंडीत तू इतका वेळ बाहेर असतोस तर तू एव्हाना गोठून गेला असशील. म्हणून हे पत्र.

इकडचं सगळं ठीक आहे. तुझ्या छपरावरचा बर्फ मी ओढून काढला, नळ सोडून ठेवलेत, खालच्या खोलीत उंदीर झालेत पण फार नाहीत. रविवारच्या गायनात पुरुषांची बाजू तू गेल्यापासून पार लंगडी पडली आहे. खालचा सूर धरायला म्हातारा फ्रेड एकटा उरलाय आणि तो मधेच पेंगतो. परवा तर स्तोत्र संपल्यावर त्याने एकट्यानेच शेवटची ओळ पुन्हा म्हटली. सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला वाटलं की तू असतास तर त्याला कोपराने ढोसलं असतंस.

बोर्श्तचं सूप केलं होतं. सवयीने मोठ्या पातेल्यात केलं. अजून खाते आहे.

आर्लीनचा नवरा, लेन, दुकानात भेटला. दाढी वाढवली आहे. मी म्हटलं, "कसा आहेस?" तो म्हणाला, "दूध संपलं होतं." मग आम्ही दोघंही दुधाच्या कपाटाकडे बघत उभे राहिलो. आर्लीन असती तर म्हणाली असती, "अरे, त्या गाईंना तरी काही विचारा." ती गेल्यापासून या गावात कुणी मोठ्याने हसत नाही. म्हणजे हसतात, पण मग इकडेतिकडे बघतात.

चौकशीचा अहवाल आला. तुला प्रत आली असेलच. मला वाटतं तू उघडली नसशील, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं लिहिते. "डिसेंबरातील त्या मंगळवारी सकाळी खाणीच्या रस्त्यावर धोबीण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उतारावरून बर्फ सुटला. बर्फ काढणारी गाडी नदीत ढकलली गेली आणि चालक श्रीमती आर्लीन टॉश यांचा मृत्यू झाला. रस्ताप्रमुखांनी उपलब्ध माहितीचा पुरेसा विचार न करता गाडी रवाना केली." रस्ताप्रमुख म्हणजे तू. नाव कुठेही नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते वाक्य जरा कडक वाटलं.

आमच्या बर्फाचा अंदाज देणाऱ्या कचेरीबद्दल लिहिलंय की धोक्याचं पत्रक "वेळेत, पूर्ण आणि बिनचूक" पोचवलं गेलं. मला चौकशीत दीड तास बसवलं होतं. किती वाजता पाठवलं, कुणाकुणाला पाठवलं, वाऱ्याचे आकडे होते का, तापमान होतं का. सगळं होतं. आमच्या साहेबाने, प्रूडमने, दुसऱ्या दिवशी कचेरीत केक आणला. तो म्हणाला, "लुशा, काम कसं असावं ते तुझ्याकडून शिकावं." खाण कंपनी आता बाकीच्या खोऱ्यांतही अशी कचेरी काढणार आहे. तिथल्या मुलांना पत्रक कसं करायचं ते मी शिकवावं असं त्यांचं म्हणणं आहे. पगार वाढेल. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला काही कारणही सापडत नाही.

त्या सकाळी तू मला फोन केला होतास, त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

पॉलीला सांग, तिची जिरेनियमची कुंडी माझ्याकडे आहे आणि जिवंत आहे. तू जेवत जा. कधीतरी फोन उचल.

तुझी
लुशा


दोलिना,
१५ मार्च

प्रिय वॉल्टर,

पॉलीचं पत्र आलं. तब्येत बरी असेल वगैरे आज लिहीत नाही. तिने सगळं कळवलंय. तू सकाळी उठून धान्याच्या कोठीकडे जातोस आणि काही न करता परत येतोस. तिच्या भावाने ट्रॅक्टर चालवायला सांगितला तर किल्ली हातात धरून बसून राहिलास. आणि कुणी विचारलं, अगदी टपालवाल्याने विचारलं तरी सांगतोस, "माझ्या बहिणीने मला सगळं सांगितलं होतं. मीच नीट ऐकलं नाही."

हे वाक्य मी स्वयंपाकघरात उभ्याने दोनदा वाचलं.

वॉल्टर, तू चुकीचं सांगतो आहेस. मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. मी तुला सगळी माहिती दिली होती. हे दोन्ही एकच, असं मी डिसेंबरपासून स्वतःला पटवते आहे. चौकशीवाल्यांना ते लगेच पटलं. मला पटत नाही.

आता मुळापासून लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीचा नाताळ तुला आठवत असेल. तेव्हा आमची कचेरी शहरात गेली नव्हती. मी वरच्या लाकडी खोपटात असायचे, रोज उतारावर जायचे, फावड्याने खड्डा खणून बर्फाचे थर हाताने चाचपायचे आणि खाली येऊन तुला सांगायचे, आज जा, आज जाऊ नको. त्या नाताळात मी रस्ता बंद ठेवायला लावला. थर मला आवडले नव्हते. पाळीवरची माणसं वरच अडकली, त्यांच्या बायकापोरांनी त्यांच्याशिवाय नाताळ केला. आणि धोबीण हललीसुद्धा नाही. मुठीएवढा बर्फ खाली आला नाही.

नंतर सभागृहात जेवण होतं. सगळं गाव होतं. मी पिराही, त्या सारण भरलेल्या करंज्या, वाढत होते आणि तू टेबलाच्या त्या टोकाकडून ओरडलास, "आमची लुशा बर्फाच्या कानात विचारते आणि बर्फ तिच्या कानात सांगतो! बाई ग, यंत्र काय म्हणतं तेवढं आम्हाला कळव. अक्कल आमच्याकडे आहे!"

लोक पोट धरून हसले. खाणीवरचे, आपले, सगळे. आर्लीनच्या तर नाकातून चहा आला. मीही हसले. ताट हातात होतं, दुसरं काय करणार? तू लगेच विसरलास. तू तसाच आहेस, बोलतोस आणि विसरतोस. मी विसरले नाही.

त्यानंतर कचेरी शहरात गेली. उतारांवर खांब बसले, वारा, थंडी, बर्फाची उंची सगळं पडद्यावर यायला लागलं. प्रूडमने पहिल्याच दिवशी आम्हाला बसवून सांगितलं, "तुमचं काम माहितीचं. ती गोळा करा, तपासा, वेळेवर पाठवा. तिचा अर्थ काय लावायचा आणि त्यावर काय करायचं, ते ज्याच्या हातात रस्ता आहे तो बघेल." बाकीच्यांनी कुरकुर केली. मला मात्र पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटलं. आता रस्ता बंद राहिला तर माझ्यामुळे नाही, उघडा राहिला तर माझ्यामुळे नाही. मी रोज पत्रक पाठवायचे आणि घरी येऊन छान झोपायचे.

आर्लीनला ते कळलं होतं. तिला सगळं कळायचं. एकदा पंपावर भेटली तेव्हा गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "काय ग पोस्टमास्तरीणबाई, आज काय टपाल?"

मी म्हटलं, "पत्रक पाठवलंय की."

"पत्रक मी वाचते. मला वाचता येतं. पूर्वी तू तोंड वाकडं करून खाली यायचीस ना, ते बघून मी ठरवायचे. आता तुझं तोंडच दिसत नाही."

"माझ्या तोंडावर काय गाडी चालवतेस?"

"चौदा वर्षं चालवली," ती म्हणाली आणि काच वर करून गेली.

आता तो रविवार. मंगळवारच्या आधीचा. मला सुटी होती. मी स्की घालून डोंगराच्या मागच्या अंगाला गेले, एकटीच, उगाच. तो आठवडा कोरडा आणि कडाक्याच्या थंडीचा गेला होता हे तुला माहीत आहे. असल्या थंडीत बर्फावर दव गोठतं, पिसांसारखं उभं राहतं. दिसायला फार सुंदर. त्यावर नवा बर्फ पडला की ती पिसं खाली गाडली जातात आणि वरचा अख्खा थर त्यांच्यावर नुसता टेकून राहतो. शनिवारी नवा बर्फ पडला होता. मी झाडी संपते तिथल्या मोकळ्या उतारावर पाऊल टाकलं आणि खालून आवाज आला. धप्प. मोठा गालिचा आपटल्यासारखा. माझ्या पायाखालचा सगळा उतार बोटभर खाली बसला. तो आवाज कानाने ऐकू येतो त्याआधी पोटात ऐकू येतो. मी तशीच मागे फिरले.

तो उतार आणि धोबीण एकाच उंचीवर, एकाच दिशेला तोंड करून आहेत. मला तेव्हाच कळलं. वारा फिरून धोबिणीच्या माथ्यावर आणखी बर्फ आणून टाकेल तेव्हा ती सुटेल. नक्की कधी ते नाही, पण सुटेल हे मला कळलं होतं, जसं दूध उतू जायच्या आधी कळतं.

सोमवारी मी प्रूडमला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने शांतपणे विचारलं, "नोंदलेल्या ठिकाणचं निरीक्षण आहे का?" मी म्हटलं, नाही, मी सुटीवर होते. तो म्हणाला, "मग पत्रकात कसं घालणार? उद्या कुणी कुत्रा घेऊन फिरायला गेला आणि त्याला काही वाटलं, तर तेही घालायचं का?" खांबांवरचे आकडे सगळे मर्यादेत होते. त्या आकड्यांनी धोका 'मध्यम' येत होता. मी आणखी एकदा म्हणू शकले असते. टेबलावर हात आपटू शकले असते. मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि मध्यम लिहिलं.

मग मंगळवार. तुझा फोन आला तेव्हा मी कॉफी ओतत होते. आपलं बोलणं मला शब्दाशब्दाने पाठ आहे. तुला नाही, असं दिसतंय. म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "लुशा, पत्रक वाचलं. मध्यम म्हणतंय."

मी म्हटलं, "हो."

"रात्रपाळीची बस वर उभी आहे. खाणवाले कोकलतायत. आर्लीन गाडी तापवून बसलीय. पण मला धोबिणीचं काही बरं दिसत नाही. वारा फिरलाय वाटतं."

"वाऱ्याचे आकडे दुसऱ्या पानावर आहेत."

"आकडे बघितले ग. आकडे ठेव बाजूला. तू सांग. तू असतीस तर पाठवली असतीस गाडी?"

वॉल्टर, तू मला विचारलंस. दोन वर्षांनी पहिल्यांदा. तुझा आवाजही वेगळा होता, लहानपणी नदीवरचा बर्फ ओलांडायच्या आधी तू मला पुढे करून विचारायचास तसा. आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. माझ्या मनात आलं, आता कशी गरज पडली. आता कुठे गेली अक्कल.

मी म्हटलं, "सगळं पत्रकात आहे, वॉल्टर."

मागे आर्लीनच्या गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. मग तू म्हणालास, "बरं. बरं मग." आणि फोन ठेवलास.

मी कॉफी प्यायले. ती चांगली लागली. हे मी कुणालाच सांगू शकत नाही, वॉल्टर. की ती कॉफी मला चांगली लागली.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तू तिला नदीतून काढताना तिथे होतास. मी कचेरीत होते, पडद्यासमोर, आणि पडद्यावर धोबिणीच्या खांबाची रेघ एकाएकी तुटली होती. मी ती तुटलेली रेघ बघून पहिल्यांदा काय केलं असेल? पत्रक किती वाजता गेलं होतं ते तपासलं.

मी म्हटलं असतं "नको" तर तू थांबला असतास का, मला माहीत नाही. खाणवाल्यांपुढे तू वाकलाही असतास. मी चुकीचीही ठरले असते, त्या नाताळासारखी. या सगळ्यामागे मी गेले तीन महिने लपते आहे. पण तू विचारलं होतंस, मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही. प्रूडम नव्हता तिथे अडवायला. पत्रक नव्हतं. तू आणि मी होतो फक्त.

त्यामुळे टपालवाल्याला ते वाक्य पुन्हा सांगू नकोस. मला ते सहन होत नाही.

उद्या मी लेनकडे जाणार आहे.

लुशा


दोलिना,
२७ एप्रिल

प्रिय वॉल्टर,

बर्फ वितळायला लागलाय. तुझ्या अंगणातला उत्तरेकडचा कुंपणाचा खांब पडला, तो मी टेकू देऊन उभा केलाय. पॉलीची जिरेनियम फुलली.

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते. पॉलीने मात्र कळवलं. तू माझं पत्र वाचलंस, घडी घातलीस, बाहेर गेलास तो दिवस मावळताना परत आलास, जेवलास, आणि एवढंच म्हणालास, "लहानपणापासून फुगायची." हे वाचून मी हसले आणि मग बराच वेळ रडले. वॉल्टर, अगदी खरं आहे. लहानपणापासून फुगते. तेव्हा त्याने कुणी मरत नव्हतं.

लेनकडे दुसऱ्या दिवशी जाणार म्हणाले होते, पण गेले आठवड्याने. तो गॅरेजमध्ये आर्लीनची बर्फावरची मोटारसायकल पुसत होता. विकायची आहे म्हणाला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, कॉफीसकट. तो पुसत राहिला. एकाच जागी पुसत राहिला. मी संपवल्यावर म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुला कळायला हवं."

"का?"

मी खाली पडलेलं एक फडकं उचलून त्याच्या हाताशी ठेवलं.

तो म्हणाला, "तिला तू आवडायचीस. घरी येऊन तुझ्या नकला करायची. ती गेल्यावर जे काही थोडं माझ्याकडे उरलं होतं ना, त्यात तेही होतं. आता ते ठेवू कुठे मी?"

मी म्हटलं, "लेन, मला..."

"जा आता," तो म्हणाला. ओरडला नाही. "वॉल्टरला सांग, येऊन भेट म्हणावं. तो अंत्यविधीला मागच्या रांगेत उभा राहिला आणि तसाच निघून गेला. त्याच्यावर मी रागावलो होतो. त्याला सांग."

काय सांगू, ते त्याने सांगितलं नाही. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. अर्थ माझ्या मते असा, की तुझ्यावरचा त्याचा राग आता तेवढा उरला नाही. तो उचलून त्याने माझ्यावर ठेवलाय. तो तिथेच बरा आहे.

मग चौकशीच्या वकीलबाईंना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून म्हणाल्या, "पाठवायला हवी होती अशी एखादी नोंद तुम्ही पाठवली नाही, असं झालं का?"

मी म्हटलं, "नाही. नोंदी सगळ्या पाठवल्या."

"मग तुमची चूक कोणत्या कलमात धरू? फोनवर मत दिलं नाही, हा दोष कुठल्याच नियमात बसत नाही."

"मला माहीत आहे बसत नाही," मी म्हटलं. "नियमात न बसताच तो झाला."

मला वाटतं त्यांना मी वेडी वाटले असेन, किंवा दुःखाने खचलेली. पण बाई सरळ होत्या. त्यांनी माझा जबाब पुन्हा घेतला आणि अहवालातलं तुझ्याबद्दलचं वाक्य बदललं. आता तिथे असं आहे: "रस्ताप्रमुखांनी गाडी रवाना करण्यापूर्वी हिमतज्ज्ञांचा सल्ला मागितला. तो त्यांना मिळाला नाही." नवी प्रत या पत्रासोबत ठेवली आहे. हे तुला परत कामावर घेणार नाही. कंपनीने ते स्पष्ट सांगितलं. गाडी तू पाठवलीस हेही खरंच आहे, आणि ते मी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. पण तू ऐकलं नाहीस असं आता कुठेही लिहिलेलं नाही. तूही म्हणू नकोस.

प्रूडमला सांगायला गेले तर तो दुखावला. "मी तुला अडवलं असं म्हणालीस का?" मी म्हटलं, तू विचारलेला प्रश्न सांगितला आणि मी दिलेलं उत्तर सांगितलं. तो म्हणाला, "लुशा, प्रत्येकाने आपापल्या पोटात आलेलं सांगायला सुरुवात केली तर हे काम चालायचं कसं? तुझ्यासारखी एक असेल, पण शंभर जण नुसतेच घाबरट असतील. म्हणून तर आकडे." तो चुकीचं बोलत नव्हता, हेच अवघड आहे. आकडे हवेतच. खांब नसते तर वारा फिरला हे रात्रीच्या अंधारात कुणाला कळलं असतं? मी त्याला एवढंच म्हटलं, "आकडे पाठवून झाल्यावर कुणी विचारलं, तर उत्तर द्यायचं. तेवढं काम राहतं." तो म्हणाला, "ते तुझ्या करारात नाही." बरोबर. तेही नाही.

शिकवायची नोकरी अर्थातच गेली. मी वरच्या खोपटात परत पाठवा म्हणून अर्ज केला. तिथे जायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून मिळालं. छत गळतंय. चुलीतून धूर येतो. खड्डा खणताना पाठ दुखते, दोन वर्षांत शरीर विसरलं सगळं.

परवाची गोष्ट सांगते. आता तिथे तुझ्या जागी एक नवी बाई आहे, ओन्टारियोकडची, कडक आहे. दुपारी ऊन चढलं आणि धोबिणीच्या वरच्या अंगाचा बर्फ मला पाणी प्यायलेल्या भाकरीसारखा लागला. मी खाली फोन केला आणि म्हटलं, "संध्याकाळपर्यंत रस्ता बंद ठेवा."

ती म्हणाली, "पत्रकात तर कमी धोका आहे."

"पत्रक सकाळचं आहे. मी आत्ता तिथे उभी आहे."

"तुम्हाला खात्री आहे?"

तिथे मी अडखळले, वॉल्टर. खात्री नव्हती. ती कधीच नसते, हे आपण दोघंही जाणतो. मी म्हटलं, "नाही. पण मी असते तर कुणालाही पाठवलं नसतं. माझं नाव लिहून ठेवा हवं तर."

तिने रस्ता बंद केला. ट्रकांची रांग लागली. मी रस्त्यावर आले तेव्हा एक ड्रायव्हर ट्रकमधून उतरून माझ्याकडे बघून असं काही बोलला की आई असती तर त्याचे कान धुवायला साबण घेऊन गेली असती. आणि संध्याकाळ झाली, गारठा पडला, सगळं पुन्हा घट्ट झालं, आणि धोबीण जागची हलली नाही. काही म्हणजे काही खाली आलं नाही. खोऱ्यातले लोक आता माझ्याबद्दल काय बोलत असतील त्याचा मला अंदाज आहे. त्या संध्याकाळी खोपटाच्या पायरीवर बसले तेव्हा मला एकदम आर्लीनची इतकी आठवण आली की मला उठता येईना. मी बरोबर होते की चूक, हे सांगायलाही कुणी नव्हतं. ट्रक एकेक करून खालून जात होते. दिवे लावून, सावकाश. मी ते सगळे जाईपर्यंत बघत बसले.

याने काही फिटत नाही. मला ते माहीत आहे. मी चांगली झाले असं तुला वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. उद्या कदाचित मी पुन्हा फुगेन. अजूनही कधीकधी सभागृहातलं ते तुझं बोलणं आठवलं की कानशिलं तापतात. आर्लीन गेली तरी तापतात. ती थट्टा तू करायला नको होतीस, वॉल्टर. एवढं एक मी तुलाही सांगून टाकते. आपल्या दोघांत न सांगितलेलं आता मला काही ठेवायचं नाही.

मला माफ कर, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. ते लिहिलं की ठरवायचं पुन्हा तुझ्यावर येतं, आणि मी आपली कळवून मोकळी. तसं आता नको.

येत्या शनिवारी मी बसने निघते आहे. रविवारी दुपारी तुमच्याकडे पोचेन. येऊ का, असं विचारत नाही. तू बाहेर गेलास तर मी कोठीपर्यंत मागे येईन. तू बोलला नाहीस तर न बोलता बसेन, मला वेळ आहे. आणि परत येताना तू माझ्याबरोबर येशील, लेनला भेटायला. तू यायलाच हवं असं मला वाटतं. मला वाटतं, वॉल्टर. हे माझं मत आहे, आणि या वेळी तू विचारलेलंही नाहीस.

पॉलीला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नको. जे असेल ते चालेल.

तुझ्या दाराशी येऊन थांबणारी,
लुशा